हिरव्या जाळीआडचा संप

आमच्या बिल्डिंगचं रिपेअरिंग दसऱ्याआधी सुरू झालं. बोरिवली पूर्वेची चार मजल्यांची जुनी सोसायटी, लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. बाहेरून बांबूंची परांची बांधली आणि तिच्यावर हिरवी जाळी सोडली. त्या दिवसापासून आमच्या घरात भर दुपारीसुद्धा दिवेलागण झाल्यासारखं वाटायचं. प्लास्टर फोडणारी माणसं बांबूंवरून चालत खिडकीसमोरून जायची. कधी त्यांचे नुसते पाय दिसायचे, कधी नुसतं डोकं. हातोड्यांचा आवाज भिंतीतून दातांपर्यंत पोचायचा.

मी घरूनच काम करते, एका इन्शुरन्स कंपनीचं. सुबोध, माझा नवरा, पवईच्या ऑफिसात जातो. मुलगी अक्षता आठवीत आहे, तिची शाळा दुपारी सुटते. आणि घरात अप्पा, माझे सासरे. दत्ताराम हे त्यांचं नाव, पण त्या नावाने त्यांना हाक मारणारं आता गावीसुद्धा फारसं कोणी उरलं नाही. वय शहात्तर. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली.

अप्पा लालबागच्या एका मिलमध्ये साच्यावर होते, म्हणजे माग चालवायचे. ब्याऐंशीच्या संपाची गोष्ट आमच्या घरात कोणी न विचारताही सांगितली जायची. पाहुणे आले की सुबोधच विषय काढायचा, "अप्पा, ते सांगा ना, तुम्ही कसे राहिलात." मग अप्पा खुर्चीत सरळ बसायचे. दीड वर्ष आपण मिलच्या गेटातून आत पाय टाकला नाही. सकाळ-संध्याकाळ पेज प्यायली. शेजारपाजारचे एकेक करून गुपचूप आत जायला लागले, पण आपण नाही. शेवटी मिल बंद झाली, चाळीतली खोली विकली, इथे आलो, पण मान खाली घातली नाही. सासूबाई होत्या तेव्हा त्या या गोष्टीच्या वेळी नेहमी उठून आत जायच्या. चहा टाकायला जात असतील, असं मला वाटायचं.

त्या आठवड्यात अप्पांचं पोट बिघडलं होतं. दोन दिवस उलट्या, मग नुसती पेज आणि पाणी. बीपी आहे म्हणून पेजेत मीठही नाही. बुधवारी संध्याकाळी ते मला म्हणाले, "लाईट का गेलीय सगळीकडे?" लाईट होती. मी म्हटलं, "जाळी लावलीय ना अप्पा, म्हणून अंधार वाटतो." त्यांनी मान डोलावली, पण पटल्यासारखी नाही. जेवताना मला 'जानकी' म्हणाले. जानकी म्हणजे सासूबाई. मी सुबोधकडे बघितलं.

"अशक्तपणा आलाय गं," सुबोध म्हणाला. "झोप झाली की ठीक होतील."

गुरुवारी सुबोध ऑफिसला गेला, अक्षता शाळेत गेली. अप्पा त्यांच्या खोलीत पडून होते. दुपारी मी हेडफोन लावून कॉलवर होते. जिन्यातून माणसांचे आवाज येत होते, नवे बांबू वर चढवत होते. बांबू भिंतीला आपटायचा, कोणीतरी खालून ओरडायचं. मध्येच मला बाहेरच्या खोलीत धडधड ऐकू आली. हेडफोन काढून बघते, तर अप्पा दाराशी उभे. वरची कडी लावली, खालची लावली, सेफ्टी डोअरला आतून कुलूप घातलं आणि चावी बनियनच्या आत, छातीशी टाकली.

"अप्पा, काय करताय?"

ते वळले. माझ्याकडे बघत होते, पण त्यांची नजर माझ्यावर ठरत नव्हती.

"गो जानकी, आवाज करू नको," ते कुजबुजले. "ते इले."

आमच्याशी अप्पा कधी मालवणी बोलत नसत. ती भाषा गावच्या माणसांची आणि सासूबाईंची. त्या भाषेत सासूबाईंचं नाव ऐकून मी जागच्या जागी थांबले. मी नाशिकची, मला मालवणी अर्धीमुर्धी कळते, पण 'ते आले' एवढं कळलं.

"कोण आले? अप्पा, रिपेअरिंगची माणसं आहेत ती. आणि मी रुचिरा."

"श्श!"

तेव्हा मी त्यांचा उजवा हात बघितला. खलबत्त्यातला लोखंडी बत्ता होता त्यात. स्वयंपाकघरातून कधी घेऊन आले, मला कळलंही नव्हतं.

मी घाबरले, पण लगेच नाही. आधी चिडले. कॉलवर माणसं थांबली होती. पुढे होऊन मी बत्त्याला हात घातला. अप्पांनी हिसका दिला. पायांत जोर नाही म्हणून बाथरूमपर्यंत धरून न्यावं लागणारा माणूस, त्याने मला एका हाताने मागे ढकललं. मी टेबलावर आपटले. लॅपटॉपमधून कोणीतरी 'हॅलो, हॅलो' करत होतं. मी तो मिटला.

त्याच वेळी खिडकीत सावली पडली. परांचीवरून एक माणूस चालत आला आणि आमच्या खिडकीसमोर थांबला. तोंडाला फडकं बांधलेलं, हातात हातोडा. तो वाकून आत बघत नव्हता, कुठे ठोकायचं ते बघत होता. पण अप्पांना दिसला तो फडकं बांधलेला चेहरा. त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, लहान मूल झोपेत दचकल्यावर निघतो तसा. त्यांनी माझा दंड धरला आणि मला ओढत पॅसेजमध्ये नेलं. त्यांची बोटं इतकी रुतली, की नंतर आठवडाभर दंडावर काळेनिळे डाग होते.

"खिडकीकडे जाव नको. चारी बाजूंनी इलेत."

हातोडा भिंतीवर बसला. एक, मग दुसरा. प्रत्येक ठोक्याला अप्पा डोळे मिटून घेत होते. मी त्यांच्या इतकी जवळ होते, की त्यांच्या छातीची धडधड मला दिसत होती. आणि तो बत्ता माझ्या कानाजवळ होता. तेव्हा खरी भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा मला अप्पांची भीती वाटली, ज्यांनी अक्षताला अंगाखांद्यावर वाढवलं त्या माणसाची.

"मी पाणी आणते," असं म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. फोन गाऊनच्या खिशात होता. नळ सोडला आणि सुबोधला लावला.

"सुबोध, अप्पांना काहीतरी झालंय. मला जानकी म्हणतायत. दाराला कुलूप घातलंय. हातात बत्ता आहे."

"काय? फोन दे त्यांना."

"वेडा आहेस का? ऐकण्याच्या पलीकडे आहेत ते. कोणीतरी मारायला आलंय म्हणतात. तू निघ."

"निघतो, पण तास तरी लागेल यार... थांब, नितेशला सांगतो. घरी असेल तो."

नितेश तळमजल्यावर राहतो. रात्रपाळी करतो, दुपारी घरी असतो. सहा फूट उंच, धिप्पाड पोरगा.

"त्याला सांग, दारावर थापा मारू नकोस. हळू ये म्हणावं. आणि अक्षता..."

अक्षताची शाळा सुटायची वेळ झालीच होती. ती येणार, बेल वाजवणार, नेहमीसारखी दारावर थाप मारून 'अप्पाऽऽ' म्हणून ओरडणार. मी सुबोधचा फोन कापला आणि तिला मेसेज टाकला, 'वर येऊ नकोस, मैत्रिणीकडे थांब.' एकच टिक आली. शाळेत फोन बंद ठेवतात. ती एक टिक बघत मी ओट्याला टेकून उभी राहिले.

"जानकी!"

मी पाणी घेऊन गेले. अप्पा पॅसेजमध्ये बाथरूमवरच्या माळ्याखाली उभे होते. जुनं सामान, पाहुण्यांच्या गाद्या, गणपतीचं मखर असतं तिथे. ते वर बघत होते.

"पोर खय हा?" त्यांनी विचारलं. "सुबोध खय हा?"

सुबोध चव्वेचाळीस वर्षांचा आहे. संपात तो दीड-दोन वर्षांचा असेल.

मी काय बोलावं? 'पवईला, ऑफिसात' म्हटलं असतं, तर ते माझ्यावर चिडले असते किंवा आणखी घाबरले असते. मी म्हटलं, "आत्याकडे ठेवलाय. सुखरूप आहे."

त्यांना एकदम हायसं वाटलं. भिंतीला टेकले. "बरा केलंस," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "त्याच्या तोंडार हात ठेवूचो नाय. श्वास अडकता. निळो पडलो होतो तो."

"कधी?"

माझ्या तोंडून निघून गेलं. मला जाणून घ्यायचं नव्हतं. मला फक्त ते बोलत राहायला हवे होते, नितेश येईपर्यंत.

अप्पा बोलायला लागले. तुटक, मागेपुढे, मध्येच हातोडा बसला की थांबत. माझ्याशी बोलत होते आणि मीच जानकी होते, त्यामुळे तिला ठाऊक असलेलं ते सांगत नव्हते. मला ते मधले तुकडे जुळवावे लागले. पावसाळा सरला होता, पोर तापाने फणफणलं होतं, घरात दूध नव्हतं. मिलवाले बंद ट्रकमधून माणसांना आत नेत होते. अप्पा संप मोडून त्या ट्रकमध्ये चढले. पहिले तीन दिवस कोणाला कळलं नाही. चौथ्या दिवशी घरी आले, हातपाय धुतले आणि चाळीच्या जिन्यात माणसं चढल्याचा आवाज आला. कोण होती, कोणाची होती, अप्पांनी सांगितलं नाही. त्यांना ठाऊक होतं की नाही, तेही मला सांगता येणार नाही.

"तू म्हटलंस, वर जावा. पोराक घेवन वर जावा. मी सांगतंय, घरात नाय म्हणान." अप्पांनी माळ्याकडे बोट दाखवलं. "मी गेलंय. वरसून माका सगळा दिसत होता गो. तू दार उघडलंस. त्यांनी विचारल्यानी, खय हा? तू म्हटलंस, गावाक गेलो. मग त्या काळ्याने..."

ते थांबले. त्यांनी बत्ता डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताचं बोट माझ्या कपाळावर, डाव्या भुवईवर ठेवलं. हळूच, जखमेला लावावं तसं.

सासूबाईंच्या डाव्या भुवईत एक व्रण होता. तिथे केस उगवत नसत. मी लग्न होऊन आले तेव्हा विचारलं होतं. "नळावर घसरले गं," म्हणाल्या होत्या.

"मी खाली उतरलंय नाय," अप्पा म्हणाले. "तू पडलंस, तरी मी उतरलंय नाय."

बाहेर हातोडे थांबले. जेवायची सुट्टी झाली असावी. एकदम एवढी शांतता पसरली, की स्वयंपाकघरातला नळ मी नीट बंद केलेला नाही, तेही ऐकू आलं. आणि त्या शांततेत जिन्यात पावलं वाजली. एकाची नाही, दोघांची. वर येत होती.

अप्पा ताठ झाले.

अक्षता असेल का? तिच्याबरोबर मैत्रीण? पावलं जड वाटत होती, पण मला नक्की काहीच कळत नव्हतं. मी पुढे होऊन त्यांच्या आणि दाराच्या मधे उभी राहिले. कसंबसं म्हटलं, "तुम्ही वर जा. माळ्यावर जा. मी सांगते त्यांना, घरात नाहीत म्हणून."

आजही ते आठवलं की मला कसंतरी होतं. त्यांना दारापासून दूर करायला मला तेवढंच सुचलं.

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. या वेळी नजर ठरली. डोळे भरून आले होते.

"नाय," ते म्हणाले. "ह्या खेपेक मी उघडतलंय. तू मागे रव."

बेल वाजली.

त्यांनी मला बाजूला केलं. या वेळी ढकललं नाही, खांद्याला धरून भिंतीशी उभं केलं. बनियनमधून चावी काढली. चावी कुलपाला लागत नव्हती. मी ओरडले, "नितेश, लांब उभा राहा! अक्षता असेल तर तिला खाली ने!" बाहेरून नितेशचा आवाज आला, "वहिनी, मी आहे, वॉचमन आहे. काय झालं?" तो आवाज ऐकून मला थोडा धीर आला, पण पुरुषाचा आवाज ऐकून अप्पांच्या अंगातलं उरलंसुरलं अवसान गेलं. तरी त्यांनी कुलूप उघडलं, कड्या काढल्या. वरची, मग खालची. दार उघडलं.

समोर नितेश, त्याच्यामागे वॉचमन हातात काठी घेऊन.

मी डोळे मिटून घेतले. काहीतरी जड फरशीवर पडल्याचा आवाज झाला. उघडून बघते, तर बत्ता खाली पडला होता आणि अप्पा दोन्ही हात जोडून उंबऱ्यावर उभे होते. पायजमा ओला झाला होता.

"मी हय आसय," ते म्हणाले. "माका न्हेवा. तिका हात लावू नकात. तिचो काय संबंध नाय."

नितेश माझ्याकडे बघत राहिला. त्या आडदांड पोराचा चेहरा पांढरा पडला होता.

"आजोबा, अहो, मी नितेश. खालचा."

"ओळखतंय. तुझ्या आवशी-बापाशीक ओळखतंय मी. चल."

आणि ते अनवाणी जिना उतरायला लागले.

आम्ही त्यांच्यामागून धावलो. वॉचमनने रिक्षा थांबवली. अप्पांना मध्ये बसवलं, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला नितेश. मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होते, "अप्पा, आपण हॉस्पिटलला जातोय. तुम्हाला बरं नाहीये. मी रुचिरा, हा नितेश." ते माझं ऐकत होते. शेवटी अगदी समजूत काढल्यासारखं म्हणाले, "हॉस्पिटलात न्हेतंव म्हणानच न्हेतत गो सगळ्यांका."

ते स्वतःच्या पायांनी चालत रिक्षात बसले होते, कारण त्यांना वाटत होतं की आपल्याला मारायला नेतायत. मी त्यांना आणखी पटवायला गेले असते, तर ते कदाचित आलेही नसते. म्हणून मी गप्प बसले. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्यांनी नितेशच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "हात तेवढे मोडू नकात. साच्यार उभो कसो रवतलंय मी?" नितेश तोंड फिरवून बाहेर बघायला लागला. त्याचा हात मात्र त्याने तसाच ठेवला. पूर्ण रस्ताभर अप्पा थरथरत होते, थंडीने कुडकुडावं तसे, ऑक्टोबरच्या त्या उन्हात.

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होती. तिने रक्त घेतलं आणि अर्ध्या तासात येऊन म्हणाली, "सोडियम एकशे दहावर आलंय. उलट्या, मीठ बंद, त्यात बीपीची ही गोळी. या वयात असं होतं, माणसं भलतंच बघायला लागतात. हळूहळू भरून काढू." सलाईन लावलं. अप्पा ते ओढून काढत होते, म्हणून नर्सने त्यांचे दोन्ही हात पट्टीने कॉटच्या दांड्यांना बांधले. त्या वेळी ते जे ओरडले, ते मी लिहिणार नाही. मी त्यांचा पाय धरून बसले. दुसरं काही हाताला लागत नव्हतं.

सुबोध आला तेव्हा अक्षताचाही फोन आला होता. ती मैत्रिणीकडे पोचली होती. तो फोन ठेवल्यावर मी बाकावर बसून रडले.

तिसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी मला बघून विचारलं, "रुचिरा, पेपर आणलास का गं?" शुद्ध मुंबईच्या मराठीत. हात बांधल्याच्या खुणांकडे बघून म्हणाले, "हे काय झालं?" त्यांना बुधवारच्या रात्रीपासूनचं काहीच आठवत नव्हतं.

सुबोधला मी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये सगळं सांगितलं. ट्रक, माळा, भुवई. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि माझ्यावरच भडकला.

"डॉक्टर काय म्हणाली ऐकलंस ना? भलतंच दिसतं. तू त्यातलं खरं धरून बसलीस?"

"आईंचा व्रण मला भलताच दिसला नाही, सुबोध."

"आई नळावर घसरली होती."

"कोणी सांगितलं तुला?"

कॉफीच्या मशिनमध्ये कप न ठेवताच त्याने बटण दाबलं. कॉफी सगळी खाली सांडली.

अप्पा घरी आले. सुबोध औषधं आणायचा, गोळ्या काढून द्यायचा, पण कामापुरतंच बोलायचा. बाहेर हातोडे चालूच होते. मी मात्र बदलले होते. अप्पांच्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला तरी दचकायचे. खलबत्ता मी माळ्यावर टाकला, सुऱ्या वरच्या कपाटात ठेवल्या. अक्षताला त्यांच्यापाशी एकटी सोडायचं मी टाळायचे आणि टाळते याची लाजही वाटायची.

अप्पांना ते कळत होतं. एके दुपारी त्यांनी मला बोलावलं.

"मी त्या दिवशी काय बोललो गं?"

"आजारी होतात तुम्ही."

"मी काय बोललो ते विचारलं. सुबोध माझ्या तोंडाकडे बघत नाही. तू सुऱ्या लपवतेस."

मग मी सांगितलं. खोटं सांगणं जमलंच नसतं. ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा राखेसारखा होत गेला. मला वाटलं, पुन्हा काहीतरी होतंय, डॉक्टरला फोन करावा. त्यांनी एकच विचारलं.

"सुबोधला सांगितलंस?"

"हो."

त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. माळ्यावरून बघणारा माणूस कसा दिसत असेल, ते मला तेव्हा कळलं. त्या संध्याकाळी जिन्यात सुबोधची पावलं वाजली, तशी त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं. जेवायलाही बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. कामगार नव्हते, बिल्डिंग शांत होती. सुबोध चहा पीत बसला होता. अप्पा भिंतीला धरत धरत आले आणि त्याच्या समोर बसले. मी त्यांचा चहा ठेवला आणि आत जायला निघाले.

"तू थांब," अप्पा म्हणाले. मग सुबोधकडे न बघता, "ती म्हणते ते खरं आहे."

सुबोधने कप खाली ठेवला.

"मी रडत होतो का वर?" सुबोधने विचारलं. "म्हणून तोंड दाबलंत?"

"रडत नव्हतास. हसत होतास. माळ्यावर गेलो म्हणजे काहीतरी खेळ आहे असं वाटलं तुला. खाली ती पडली तेव्हाही हसत होतास. म्हणून दाबलं."

सुबोधने हाताने स्वतःचं तोंड झाकलं. त्याला कळलं नसावं, की आपण काय करतोय.

"ती माणसं गेली कशी?"

"गेली. जाताना माळ्याची शिडी लाथेने पाडली त्यांनी. त्यांना ठाऊक होतं की काय, कोण जाणे. त्यामुळे मला उतरता येईना. ती उठली. एका डोळ्यावर पदर धरलेला, पूर्ण लाल. दुसऱ्या हाताने तिने शिडी उचलून लावली मला. म्हणाली, आधी पोराला द्या खाली."

"आई नंतर काय बोलली तुम्हाला?"

"काही नाही. कधीच नाही. नळावर घसरले, असं तिनेच पहिल्यांदा शेजारणीला सांगितलं. मग तेच राहिलं." अप्पांनी चहाच्या कपाला हात लावला आणि तसाच काढून घेतला. "दुसऱ्या दिवसापासून मी मिलकडे फिरकलो नाही. संप संपेपर्यंत नाही. लोक म्हणायला लागले, दत्ताराम डगमगला नाही. मी ऐकून घेतलं. मला गेटापर्यंत जायचीच भीती वाटायची रे. घरातून संडासला जायचीसुद्धा भीती वाटायची."

सुबोध उठला. मला वाटलं, तो आता निघून जाईल. अप्पांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी मान वर केली नाही, खांदे मात्र आत ओढून घेतले, जणू वरून काहीतरी पडणार आहे. त्यांच्या खुर्चीच्या मागे सुबोध उभा राहिला. त्याने हात उचलला, खांद्यापर्यंत नेला आणि न टेकवताच खाली घेतला.

"चहा गार झाला तुमचा," तो म्हणाला. "दुसरा करतो."

"कर," अप्पा म्हणाले.

सुबोध स्वयंपाकघरात गेला. भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आला. त्यानंतर मात्र गॅस पेटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही. अप्पा माझ्याकडे बघत होते, मी आत जाऊन बघावं म्हणून. मी गेले नाही. त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसले.